मर्यादवेलीच्या वेळापत्रकाने

मर्यादवेलीचे फोटो सगळे सकाळचे असतात, आणि ते साहजिक आहे. तिचं जांभळट गुलाबी फूल उजाडताना उमलतं, ऊन तापलं की कडा आत वळायला लागतात आणि दुपारनंतर देठावर मुरगळलेली गुंडाळी तेवढी राहते. ते फूल पुन्हा उघडत नाही; दुसऱ्या दिवशी शेजारची कळी उघडते. वेलीचं काम बघायचं असेल तर मात्र फुलं मिटल्यावर पुळणीवर जावं. फेब्रुवारी-मार्चात दुपार कलताना समुद्राकडून वारा भरतो, सुकी वाळू जमिनीलगत पळायला लागते, घोट्यांना टोचते. अशा वेळी वेलीजवळ उकिडवं बसून बघितलं तर दिसतं, की पळत आलेला कण पानांच्या दाटीत शिरला की मंदावतो आणि तिथेच पडतो. मागून दुसरा येतो, तोही पडतो. संध्याकाळपर्यंत काही पानं देठापर्यंत बुडालेली असतात. वारा कुठे अडलेला नसतो, वाळूही पुढे जातच असते. पण त्यातली थोडी इथे उतरलेली असते, आणि ती रोज उतरते.

हे उतरणं चालू राहावं, एवढ्यासाठी मी काम करते. वनस्पतिशास्त्र शिकले, काही वर्षं कॉलेजात शिकवलं, आणि मग वेंगुर्ले तालुक्याच्या किनाऱ्यावर दोन-तीन गावांत वाळूच्या टेकड्यांवर तिथलाच झाडोरा परत आणायच्या कामात पडले, ती आजतागायत. बरोबर गावातल्या बचत गटाच्या बायका असतात, रापणीचे लोक असतात, सुट्टीत शाळेची मुलं असतात. आम्ही लावतो त्या वनस्पती मोजक्याच, आणि त्यांत सर्वांत जास्त मर्यादवेल.

ती आपल्या ओळखीच्या कुळातली आहे. रताळं, तळ्याकाठची नाळीची भाजी, कुंपणावरची लाल फुलांची गणेशवेल, ओढ्यालगत माजलेला बेशरम, ही सगळी मंडळी आयपोमिया या एकाच प्रजातीतली. मर्यादवेलीचं पान जाड, गुळगुळीत, आपट्याच्या पानासारखं टोकाशी दुभंगलेलं. तोडलं तर पांढरा चीक येतो. भर उन्हात पुळणीवर अनवाणी उभं राहवत नाही, पण ही त्या वाळूला चिकटून पसरलेली असते. तिची पानं मध्यशिरेवर दुमडलेली असतात, दोन्ही पाती वर उचललेली, म्हणजे माथ्यावरचं ऊन पानाच्या पूर्ण रुंदीवर पडत नाही. देठ जिथे पात्याला मिळतो तिथे दोन बारीक ग्रंथी असतात आणि त्यांतून गोड रस पाझरतो. हा रस मुंग्यांसाठी. फुलाशी त्याचा काही संबंध नाही. फूल मिटलेलं असतानाही मुंग्या वेलीवर येरझारा घालतात आणि पानं खाणाऱ्या किड्यांना त्यामुळे सुखाने बसता येत नाही. तरीही सोनेरी चकचकीत पाठीचा एक छोटा भुंगेरा पानाला गोल भोकं पाडतोच. मुलांना तो फार आवडतो. आम्ही त्याच्यावर काही फवारत नाही. वेलीची वाढ त्याच्या भुकेपेक्षा पुष्कळ जास्त आहे.

फुलाकडे येतात ते मोठे काळे भुंगे आणि मधमाश्या. इथे एक गोष्ट कामाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मेक्सिकोच्या आखाताभोवती या वेलीचा अभ्यास झाला, त्यात असं दिसलं की तिला स्वतःचा पराग चालत नाही. पराग दुसऱ्या वेलीवरून यावा लागतो. आता, छाट लावून केलेली सगळी रोपं ही मूळ वेलीचाच भाग असतात. एकाच वेलीचे तुकडे करून किनारा भरला, तर सकाळी फुलांचा गालिचा दिसेल आणि बोंडं धरणार नाहीत. म्हणून आम्ही छाट एका जागेवरून घेत नाही. उत्तरेच्या टोकाची थोडी, खाडीच्या मुखाजवळची थोडी, पलीकडच्या गावातली थोडी, आणि लावताना ती मिसळून लावायची. बचत गटातल्या एका काकूंनी त्यासाठी वेगवेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधायची पद्धत काढली. जुड्या बांधल्यावर रंग बघायचा आणि शेजारी वेगळ्या रंगाची जुडी सोडायची.

बोंडात बिया चार, तपकिरी आणि लवदार. लहान मुलाच्या मुठीत मावतील तेवढ्या गोळा करून बघाव्यात, त्यांचा स्पर्श मखमली असतो. पण आतलं कवच इतकं टणक की पाणी आत शिरत नाही. ही बी समुद्रात पडली तर तरंगते, महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात राहते आणि तरीही मरत नाही. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर, श्रीलंकेत, आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये, ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागात, पॅसिफिकमधल्या बारक्या बेटांवर ही एकच वेल सापडते, ती या बियांमुळे. आपल्याकडे ती कोणी आणली, हा प्रश्न पडण्याचं कारण नाही. भरतीने आणली. रोपवाटिकेत मात्र हे कवच आमच्या वाटेत येतं. बी काचकागदावर एका बाजूने घासायची, रात्रभर पाण्यात ठेवायची. फुगली ती उगवते, जी फुगत नाही ती पुन्हा घासायची. पहिली दोन दलं वर येतात तीच दुभंगलेली, त्यामुळे तणातून रोप ओळखता येतं. बियांपासून केलेली रोपं सावकाश वाढतात, तरी थोडी दर वर्षी करतोच, कारण प्रत्येक रोप वेगळं असतं आणि किनाऱ्याला ते वेगळेपण हवं असतं.

या वेलीकडे अभ्यासकांचं लक्ष फार पूर्वीच गेलं होतं. कोचीनचा डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने सतराव्या शतकाच्या शेवटी बारा खंडांत मलबारच्या वनस्पतींचा जो ग्रंथ छापवला, त्या ‘हॉर्टस मलाबारिकस’च्या अकराव्या खंडात तिचं चित्र आहे. त्या ग्रंथाच्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते आणि चित्रांवर नागरी लिपीतही नावं कोरली गेली. माझ्या कामाच्या टेबलासमोर त्या पानाची छापील प्रत लावलेली आहे. वेलीची वळणं ज्याने काढली त्याने ती पुळणीवर बसून बघितली असणार, असं मला ते चित्र बघताना नेहमी वाटतं. पुढे १७५३ मध्ये लिनियसने तिला शास्त्रीय नाव दिलं आणि १८१८ मध्ये रॉबर्ट ब्राऊनने तिला आजच्या प्रजातीत आणलं. शिंपर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९१ मध्ये इंडो-मलाय किनाऱ्यांच्या वनस्पतींवर लिहिताना भरतीरेषेच्या लगत वाढणाऱ्या झाडोऱ्याच्या पहिल्या पट्ट्यालाच या वेलीचं नाव दिलं. १८८३ मध्ये क्राकाटोआचा उद्रेक झाला आणि बेट राखेखाली गेलं. १८९७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे उतरले तेव्हा किनाऱ्यावर हा पट्टा तयार झालेला होता. कोणी लावलेला नव्हता. ज्या किनाऱ्यावर काहीच नाही तिथे आधी कोण येतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

पुस्तकातून हे सगळं कळतं. पण वेलीला काय लागतं हे मला सांगितलं ते आमच्या गावच्या एका रापणकर काकांनी. कामाच्या सुरुवातीच्या दिवसांत आम्ही झाऱ्या घेऊन छाटांना पाणी घालत होतो. काका जाळं वाळत घालत होते. तिथूनच म्हणाले, “गो बाय, हिका पाणी कित्याक घालतंस? हिका वाळू होयी.” मला आधी वाटलं ते थट्टा करतायत. ते उठून आले आणि त्यांनी जुन्या वेलीची एक फांदी हातात धरून हलकेच वर ओढली. वाळूखालून दोरखंड निघावा तशी ती निघत गेली आणि प्रत्येक पेरापाशी मुळांचा झुबका. वर जिथे वाळू बसली नव्हती तिथल्या पेरांना मुळं नव्हती.

त्या एका ओढण्यात सगळं होतं. वेलीवर वाळू चढते, पेर बुडतं, बुडालेलं पेर मुळं सोडतं, तिथून नवा फुटवा वर येतो, तो पुढे सरकतो आणि पुन्हा वाळू धरतो. बुडणं हा तिच्यावरचा आघात नव्हे. बुडणं थांबलं तर ती खंगते. वाळू येईनाशी झालेल्या जुन्या, स्थिर टेकडीवर मर्यादवेल विरळ होत जाते आणि तिची जागा झुडपं घेतात. तेही योग्यच आहे. तिची जागा समोर, जिथे वाळू हलती आहे तिथे. ज्याला किनारा जागचा हलू नये असं वाटतं, त्याला ही वेल उपयोगाची नाही. किनारा हलत राहणारच, त्याच्याबरोबर हलत जाऊन तो सांधणारी ही वनस्पती आहे.

म्हणून आमचं वेळापत्रक वेलीचं आणि समुद्राचं आहे. सरकारी वृक्षारोपण जून-जुलैत होतं, आणि डोंगरावर ते बरोबरच आहे. पुळणीवर ते चालत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात लाटा उंच होतात आणि पुळणीची वाळू ओढून आत, उथळ पाण्यात नेऊन ठेवतात. जुलैत आमच्या गावची पुळण अरुंद आणि खडी असते, कुठे कुठे खालचा खडक उघडा पडतो. नवखा माणूस बघून म्हणतो, किनारा गेला. पण ऑगस्टनंतर समुद्र नरमला की तीच वाळू लहान लाटांवर बसून परत येऊ लागते आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत पुळण पुन्हा रुंद होते. जूनमध्ये पुढच्या बाजूला लावलेलं काहीही त्या ओढीत जाणार. म्हणून पावसाच्या आरंभी आम्ही फक्त मागच्या अंगाला, उधाणाचं पाणी पोचत नाही तिथे लावतो. पुढची रांग नारळी पौर्णिमेनंतर. तेव्हा पाऊस अजून असतो, त्यामुळे मुळं धरायला ओल मिळते, आणि वाळू परत यायला लागलेली असते, त्यामुळे बुडायलाही मिळतं. रापणकर नारळ वाहून होडी काढतात आणि आम्ही कोयते घेऊन छाट काढायला निघतो.

छाट वेलीच्या शेंड्याकडची घ्यायची, हातभर लांब, चार-पाच पेरांची. जून, लाकडी झालेला भाग सावकाश फुटतो. काढली की ओल्या गोणपाटात गुंडाळायची आणि शक्यतो त्याच दिवशी लावायची. वाळूत तिरपा चर काढायचा, वरची सुकी वाळू बाजूला सारून ओल लागेपर्यंत खाली जायचं, दोन-तीन पेरं आडवी निजवायची, शेंडा बाहेर ठेवायचा, आणि पायाने दाबायचं. हाताने नव्हे, पायाने. नाहीतर वाळूत पोकळी राहते आणि मुळं सुकतात. शेंड्याचं तोंड समुद्राकडे असावं की जमिनीकडे, यावर आमच्या गटात मतभेद आहेत. मी समुद्राकडे ठेवते, कारण वेलीला पुढेच जायचं असतं. काही बायका आडवी, किनाऱ्याला समांतर लावतात, कारण मग एका वेलीवर जास्त वाळू अडते. दोन्ही जगतात.

वेल एकटी पुरत नाही. ती पसरट वाढते, त्यामुळे तिने धरलेली वाळू बुटकी, रुंद राहते. उंची येते ती स्पिनिफेक्स या टोकदार, काटेरी गवतामुळे. त्याच्या झुपक्यात वाळू वर वर चढत जाते. त्याचे गोल काटेरी तुरे सुटून वाऱ्यावर पुळणीभर लोळत जातात आणि मुलं त्यांच्यामागे धावतात. त्या गवतात काम करताना हातांना ओरखडे येतात, म्हणून ते लावायचं काम कोणाला नको असतं. पण वेल आणि गवत मिळूनच टेकडी होते. जोडीला गुलाबी फुलांची समुद्रकिनारी शेंगवेल असते, तिच्या मुळांच्या गाठी हवेतला नत्र धरतात. वाळूत खत असं नसतंच. भरतीरेषेवर साचणारं शेवाळ, पालापाचोळा, मेलेले जीव हेच तिथलं अन्न. मागच्या उतारावर केवडा आणि निर्गुडीच्या कुळातली झुडपं.

सुरूच्या बनाबद्दल बोलायला हवं, कारण लोकांच्या डोळ्यांसमोर किनाऱ्यावरची हिरवळ म्हणजे सुरू. वाऱ्यापासून बागा वाचाव्यात म्हणून सुरू लावले गेले आणि मागच्या बाजूला ते काम ते करतातही. पण सुरूच्या सुयांचा थर पडला की खाली काही उगवत नाही. सुरू थेट भरतीरेषेपर्यंत आणून लावले, की पुढच्या वेलीची आणि गवताची जागा जाते आणि लाटा सरळ सुरूच्या बुंध्याला लागतात. मूळ उघडं पडतं, झाड आडवं होतं. मला सुरू काढून टाकायचे नाहीत. त्यांच्या पुढे वेलीसाठी जागा सोडा, एवढंच मी प्रत्येक बैठकीत मागते.

टेकडी कशाला हवी, हे गावाला समजवायला मला फार बोलावं लागत नाही, कारण आमच्या लोकांनी समुद्र पाहिलेला आहे. तरी एक उदाहरण मी सांगते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले अँटोनिओ मस्कारेन्हस आणि त्यांचे सहकारी तामिळनाडूच्या किनाऱ्यावर फिरले. त्यांना जे दिसलं त्याचा सारांश असा, की जिथे वाळूच्या टेकड्या आणि झाडोरा शाबूत होता तिथे मागच्या वस्त्यांना त्यांचा आडोसा मिळाला, आणि जिथे टेकड्या सपाट केल्या होत्या किंवा मध्येच तोडल्या होत्या तिथून पाणी आत घुसलं. मस्कारेन्हस यांनी गोव्याच्या टेकड्यांबद्दलही वर्षानुवर्षं लिहिलं आहे. २०१९ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सर्वाधिक संवेदनशील वर्गात आहेत. कागद भक्कम आहे.

कागद आणि पुळण यांच्यामध्ये जेसीबी उभा असतो. आमच्या जवळच्या एका किनाऱ्यावर एका पर्यटन व्यावसायिकाने हंगामाच्या तोंडावर समोरची सगळी वेल उपटून ‘स्वच्छ’ पुळण केली. पाहुण्यांना पाय अडकतात, असं कारण सांगितलं. त्या हंगामात त्याच्या आवारात वाळू इतकी उडून आली की खुर्च्या दर सकाळी झाडाव्या लागत. पुढच्या पावसात समोरचा उतार तुटून उभी भिंत झाली. मग त्याने दगड टाकायची परवानगी मागितली. हा क्रम मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिला आहे: आधी वेल जाते, मग टेकडी, मग धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी येते. बंधाऱ्यावर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळू घेऊन जाते आणि बंधाऱ्याच्या टोकाशी शेजाऱ्याची पुळण तुटते. जिथे घर अगदी पाण्यावर आलेलं आहे तिथे दगडांशिवाय उपाय नाही, हे मी मान्य करते. पण जिथे पन्नास पावलांची मोकळी पुळण आहे तिथे दगड टाकणं म्हणजे ती पुळण सोडून देणं आहे.

वेलीकडून भलती अपेक्षाही ठेवू नये. खाडीतून वाळू उपसली जात असेल, नदीवरच्या धरणात गाळ अडत असेल, जवळच्या जेटीने किनाऱ्यालगतची वाळूची वाटचाल तोडली असेल, तर पावसाळ्यानंतर परत यायला वाळूच उरत नाही. वेल वाळू धरते, वाळू तयार करत नाही. अशा ठिकाणी आम्ही लागवडीला नाही म्हणतो. लोक नाराज होतात, पण जिथे काम होणार नाही तिथे बायकांचे श्रम घालवायचे नाहीत, हे आमच्या गटाने ठरवलेलं आहे.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यासमोरून वर गुजरातकडे गेलं. लाटा पार मागच्या उतारापर्यंत चढल्या. वादळ सरल्यावर आम्ही पुळणीवर गेलो तेव्हा पुढचा पट्टा नाहीसा झालेला होता. वेलीचे लांबच लांब तुकडे प्लास्टिक, नारळ आणि जाळ्यांच्या चिंध्यांत गुंतून मागे पडले होते, पानं खाऱ्या फेसाने करपली होती. बायका गप्प झाल्या. गटातल्या सर्वांत म्हाताऱ्या आजींनी मात्र खाली बसून ते तुकडे सोडवायला सुरुवात केली आणि हिरवी पेरं असलेले वेगळे ठेवले. आम्ही ते मागच्या ओल्या वाळूत गाडले. पाऊस पडल्यावर गाडलेल्यांपैकी पुष्कळ फुटले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्या पट्ट्यातही सप्टेंबरनंतर वाळू परत आली तेव्हा खालून, आम्ही न लावलेले कोंब वर आले. खोल गेलेली मुळं तिथेच होती. टेकडीचा माथा मात्र खचला होता, तो भरून यायला वेळ लागला. काही ठिकाणी अजून भरतो आहे.

कासवांच्या बाबतीत मला अधिक सावध व्हावं लागलं. ऑलिव्ह रिडलेची मादी हिवाळ्यात आमच्या किनाऱ्यांवर अंडी घालायला चढते. वायंगणीत, उत्तरेला वेळासला गावकऱ्यांनी कासवं जपण्याचं काम उभं केलं आहे. वेल जितकी जास्त तितकं कासवांना बरं, असं सरसकट म्हणता येत नाही. कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर लेदरबॅक कासवांच्या घरट्यांचा अभ्यास झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ह्याच वेलीची मुळं घरट्यात शिरली तर पिल्लं बाहेर पडण्याचं प्रमाण घटतं, असं आढळलं. म्हणून कासवमित्रांशी बोलून आम्ही घरट्यांच्या ओळखीच्या जागी, टेकडीच्या पायथ्याच्या उघड्या पट्ट्यात लावत नाही आणि हॅचरीच्या जवळ आलेले शेंडे वळवून मागे टाकतो. कापत नाही, वळवतो. दुसरीकडे, टेकडी उंच राहिली तर मागच्या घरांचे आणि हॉटेलांचे दिवे पुळणीवर कमी पोचतात, आणि अंड्यातून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेने भरकटत नाहीत. म्हणून वेल हवी, आणि कुठे हवी तेही ठरवायला हवं.

रापणकरांनाही मोकळी पुळण लागते. जाळं ओढताना दोन्ही बाजूंनी माणसं मागे मागे सरकतात, पायांत वेल आली तर पडतील. सुरुवातीला हाच विरोध होता आणि तो रास्त होता. काकांनीच तोडगा काढला. होडी चढवायची आणि जाळं ओढायची जागा त्यांनी वाळूत पाय ओढून आखून दिली, तेवढी आम्ही कायम सोडली. त्याबदल्यात उरलेल्या पट्ट्यातून ते होडी नेत नाहीत. त्यांच्याकडे वेलीचा आणखी एक उपयोग आहे. जाळ्यातून जेलीफिश अंगाला लागली की ते पानं चुरडून रस चोळतात. थायलंडमध्येही हा उपाय जुना आहे, आणि तिथल्या संशोधकांनी १९९१ मध्ये पानांच्या अर्काने जेलीफिशच्या विषाचा प्रभाव कमी होतो, असे प्रयोगशाळेतले निष्कर्ष मांडले. दंश मोठा असेल तर दवाखानाच गाठावा, हे मी त्यांना सांगते. पण त्यांचं ज्ञान पोकळ नाही हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता. सांधे दुखले की घरातल्या बायका पानं तव्यावर गरम करून बांधतात, तेही मी पाहिलं आहे.

सध्या आमचा प्रश्न दक्षिणेच्या टोकाला आहे. तिथे गाड्या थेट टेकडीवर चढवून लावतात, वेलीचे शेंडे चाकाखाली जातात आणि चाकोरीतून वारा आत शिरून टेकडीला घळ पडली आहे. त्या घळीच्या दोन्ही बाजूंना सुकलेली झावळं आडवी रोवून आम्ही वाळू धरायला सुरुवात केली आहे, आणि ती बऱ्यापैकी साचते आहे. ग्रामपंचायतीने गाडीतळ रस्त्यापलीकडे न्यायचं तोंडी कबूल केलं आहे. चालत जाणाऱ्यांसाठी एकच पायवाट ठेवायची, ती तिरकी काढायची, म्हणजे वारा सरळ आत येणार नाही, आणि दोन्ही अंगांना काथ्याची दोरी बांधायची, इथपर्यंत बोलणं झालं आहे. ठराव लिहून व्हायचा आहे. तो झाला तर नारळी पौर्णिमेनंतर त्या घळीत पहिली रांग लावू. छाट उत्तरेच्या टोकाची आणि पलीकडच्या गावची, अर्धी अर्धी; चिंध्यांचे रंग काकूंनी काढून ठेवले आहेत.